अणू पृष्ठभागावर उतरतो तेव्हा

शिक्षकांच्या मेळाव्यात एक प्रश्न आम्ही हटकून विचारतो. रासायनिक बंध तुटतो तेव्हा ऊर्जा बाहेर पडते, की खर्च होते? 'बाहेर पडते' या बाजूने बरेच हात वर जातात. त्यात नवल नाही. इंधन जळते तेव्हा उष्णता मिळते, फटाका फुटतो तेव्हा मिळते, आणि जीवशास्त्राच्या तासाला तर 'एटीपीमधील बंध तुटून ऊर्जा मिळते' असे वाक्य आपणच फळ्यावर लिहितो. त्यामुळे बंध म्हणजे दाबून ठेवलेली स्प्रिंग, तो तुटला की ऊर्जा उसळून बाहेर येणार, असे चित्र मनात पक्के बसते.

खरी गोष्ट नेमकी उलट आहे. दोन अणूंमधील बंध तोडायला ऊर्जा खर्च करावी लागते आणि बंध जुळताना ती मोकळी होते. लाकूड जळते तेव्हा जुने बंध तोडण्याचा खर्च होतोच, पण कार्बन डायऑक्साइड व पाणी यांतील नवे बंध जुळताना त्याहून मोठी मिळकत होते. जी उष्णता आपल्याला जाणवते ती या जमाखर्चातील शिल्लक असते.

हे आपण सांगतो, मुले लिहून घेतात. पण एखाद्या चौकस विद्यार्थ्याने पुरावा मागितला तर? अडचण अशी की नेहमीच्या अभिक्रियांत तुटणे आणि जुळणे एकाच वेळी चालू असते आणि आपल्या हाती फक्त शिल्लक लागते. जिथे तुटणे नाहीच, फक्त जुळणे आहे, अशी एखादी घटना सापडली आणि तिची उष्णता मोजता आली, तर पुरावा स्वच्छ मिळेल.

अशी घटना आहे. निर्वात जागेत धातूचा एकटा अणू उडत येतो आणि एखाद्या पृष्ठभागावर बसतो. तो सुटा असल्यामुळे त्याच्यापाशी तोडायला बंधच नसतो. बसताना तो जी ऊर्जा पृष्ठभागाला देतो, ती जवळजवळ सगळी जुळण्याची असते. ही ऊर्जा मोजण्याचे तंत्र गेल्या तीन-साडेतीन दशकांत तयार झाले. त्यातून मोटारीच्या धुरापर्यंत पोचणारी माहिती मिळाली. तिचीच ही गोष्ट आहे.

पातळ थर आपल्या भोवती

धातूचे अतिशय पातळ थर आपण रोज पाहतो. वेफर्सच्या पुडीची आतली चकचकीत बाजू, आरशाची पाठ, मोटारीच्या दिव्यातील परावर्तक, स्वस्त साडीच्या काठातील प्लॅस्टिकची जर. या सर्वांवर अ‍ॅल्युमिनिअमचा किंवा दुसऱ्या एखाद्या धातूचा थर असतो. पुडीवरच्या थराची जाडी साधारण ४० नॅनोमीटर धरता येईल. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. अणूंच्या भाषेत बोलायचे तर हा थर दीडशे-दोनशे अणूंइतका जाड असतो.

तो देण्याची एक सोपी रीत अशी. मोठ्या बंद पात्रातील हवा पंपाने काढून घेतात. आत धातू इतका तापवतात की त्याची वाफ होते. वाटेत हवेचे रेणू जवळपास नसल्याने वाफेतील अणू सरळ रेषेत जातात आणि समोरच्या थंड पृष्ठभागावर बसतात. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकण धरले की त्यावर पाण्याचे थेंब जमतात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की धातू द्रवरूपात न थांबता थेट घनरूपात जमतो.

येथे कारखानदाराला एक व्यावहारिक अडचण येते. ती आपण हिशेबानेच पाहू. एक चौरस मीटर प्लॅस्टिकवर ४० नॅनोमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनिअमचा थर म्हणजे सुमारे ०.११ ग्रॅम धातू. मोलमध्ये सांगायचे तर ०.००४ मोल. अ‍ॅल्युमिनिअमच्या सुट्या अणूंपासून घन धातू बनताना प्रत्येक मोलमागे सुमारे ३३० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे आपल्या थरातून सुमारे १३०० ज्यूल. आता खालचे पॉलिएस्टर १२ मायक्रोमीटर जाडीचे असेल तर त्याचे वजन चौरस मीटरला सुमारे १७ ग्रॅम भरते. ते एक अंशाने तापवायला साधारण २० ज्यूल पुरतात. तेव्हा १३०० भागिले २०, म्हणजे ६५ अंशांची तापमानवाढ! भट्टीतून येणारी झळ यात धरलेलीच नाही. खोलीच्या तापमानाचे प्लॅस्टिक क्षणात ९०-९५ अंशांवर जाऊन मऊ पडेल. म्हणून असे प्लॅस्टिक थंड ठेवलेल्या मोठ्या रुळाला चिकटून फिरवावे लागते. बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते, याचे हे पहिले, रोखठोक उदाहरण.

एका अणूचा जमाखर्च

आता एकाच अणूकडे पाहू. चांदी घेऊ या. चांदी सुमारे १००० अंश सेल्सिअसला तापवली की तिचे अणू वाफेतून सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने बाहेर पडतात. आवाजाचा हवेतील वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास असतो, हे आठवावे. एवढ्या वेगाने येणाऱ्या अणूची गतिज ऊर्जा मोठी असेल असे वाटते. प्रत्यक्षात एका मोल अणूंमागे ती सुमारे २२ किलोज्यूल भरते. उलट हेच अणू घन चांदीत सामावले जाताना मोलमागे सुमारे २८५ किलोज्यूल ऊर्जा देतात. म्हणजे आदळण्याची ऊर्जा एक वाटा, तर जुळण्याची तेरा वाटे.

वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा जास्त भाजतो, याचे कारणही याच जातीचे आहे. १०० अंशांचे एक ग्रॅम पाणी त्वचेच्या तापमानापर्यंत निवताना सुमारे २६० ज्यूल देते. एक ग्रॅम वाफ नुसती पाणी होतानाच त्याच्या आठपटीहून अधिक, म्हणजे २२६० ज्यूल देते. पाठ्यपुस्तकातला 'अप्रकट उष्मा' म्हणजे मुख्यतः रेणू एकमेकांना जुळल्याची मिळकत.

थर देण्याची दुसरी एक रीत आहे. तिच्यात धातूच्या पत्र्यावर आयनांचा मारा करून अणू उडवतात. हे अणू वाफेतील अणूंच्या कितीतरी पट ऊर्जा घेऊन येतात, आणि त्यांच्याबरोबर इलेक्ट्रॉन व आयनही येतात. तेथे हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो. अशा यंत्रात पृष्ठभागाला एकूण किती ऊर्जा मिळते याची मोजमापे जॉन थॉर्नटन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. येणाऱ्या अणूला मिळालेली ऊर्जा थराचा पोत ठरवते. ऊर्जा कमी असेल तर अणू पडेल तेथेच राहतो आणि थर सच्छिद्र होतो. पुरेशी असेल तर तो सरकून योग्य जागी बसतो आणि थर घट्ट होतो. आपण मात्र साध्या वाफेच्या रीतीपुरते बोलू.

अणू थांबतो तरी कसा?

चेंडू फरशीवर टाकला तर उसळतो, वाळूच्या ढिगावर टाकला तर रुततो. रुतणाऱ्या चेंडूची ऊर्जा वाळूचे कण घेतात. पृष्ठभागावर येणाऱ्या अणूचेही तसेच. जवळ येताच पृष्ठभाग त्याला ओढतो, त्याचा वेग वाढतो. ही वाढलेली ऊर्जा त्याने दुसऱ्या कोणाला दिली नाही, तर तो उसळून परत जाईल. थांबायचे असेल तर देणे भाग आहे.

घेणारे दोन प्रकारचे. एक म्हणजे पृष्ठभागातील अणू. ते आपापल्या जागी सतत थरथरत असतात, आणि आलेल्या धक्क्याने त्यांची थरथर वाढते. यालाच आपण तापमान वाढले असे म्हणतो. दुसरे म्हणजे धातूतील मोकळे इलेक्ट्रॉन.

ही देवघेव दर वेळी पुरी होतेच असे नाही. केंब्रिजमध्ये जे. के. रॉबर्ट्स यांनी १९३० च्या दशकात याचा सुंदर प्रयोग केला. त्यांनी टंगस्टनची बारीक तार प्रखर तापवून स्वच्छ केली आणि हेलिअम वायूत ठेवली. वायूचे रेणू तारेवर आदळून तिची किती उष्णता नेतात ते मोजले. हेलिअमचा अणू हलका, टंगस्टनचा जड. शिवाय हेलिअम कोणाशी सहसा जुळत नाही. त्यामुळे स्वच्छ तारेवरून तो जवळजवळ जसा आला तसाच परत जातो, आणि पुऱ्या देवघेवीत गेली असती त्याच्या थोडाच भाग उष्णता नेतो. पण तारेवर दुसऱ्या वायूंचा थर बसू लागला की देवघेव वाढते. म्हणजे ही मोजणी तार स्वच्छ आहे की नाही हेही सांगते. पुढे रॉबर्ट्स यांनी अशाच तारेवर हायड्रोजन बसताना ती किती तापते तेही तिच्या विद्युतरोधातील बदलावरून मोजले. एकाच तारेने पृष्ठभाग, तापमापी आणि कॅलरीमापी ही तिन्ही कामे केली.

इलेक्ट्रॉनांचा वाटा अलीकडे स्पष्ट झाला. २०१५ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन येथील गटाने वेगवान हायड्रोजन अणू एकदा सोन्यावर आणि एकदा गोठवलेल्या झेनॉनवर आदळवले. सोन्यावरून परतलेल्या अणूंनी आपल्या ऊर्जेचा मोठा भाग गमावला होता. झेनॉनवरून परतलेल्यांनी फारच थोडा. झेनॉनमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. हायड्रोजनसारखा हलका अणू जड अणूंना फारसे हलवू शकत नाही, पण धातूतील इलेक्ट्रॉन त्याची ऊर्जा चटकन घेतात, असा याचा अर्थ. चांदीसारखा जड अणू मात्र पृष्ठभागावरील अणूंनाच चांगला धक्का देतो आणि बहुधा पहिल्या भेटीतच चिकटतो.

मोजायचे किती थोडे!

आता मुख्य प्रश्न. अणू बसताना पृष्ठभाग किती तापतो?

एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर अणूंचा एक पदर मांडायला साधारण एकावर पंधरा शून्ये इतके अणू लागतात. चांदीच्या आकड्याने हिशेब केला तर त्यांची ऊर्जा सुमारे ०.०००५ ज्यूल होते. पण शास्त्रज्ञांना पूर्ण पदराची बेरीज नको असते. आधी आलेल्या अणूला काय मिळाले आणि नंतर आलेल्याला काय, हा फरक त्यांना हवा असतो. म्हणून एका वेळी पदराचा शंभरावा भागच पाठवायचा. त्याची ऊर्जा पाच मायक्रोज्यूल. दोन मिलिग्रॅमचा मोहरीचा दाणा पाव मीटर उचलायला लागते तेवढी!

शाळेतल्या कॅलरीमापीत १०० ग्रॅम पाणी असेल तर एवढ्या ऊर्जेने त्याचे तापमान एका अंशाच्या दहा कोटींश भागाने वाढेल. पाणी सोडा, एक मिलिमीटर जाडीचा, एक चौरस सेंटिमीटरचा धातूचा स्फटिक घेतला तरी त्याचे तापमान अंशाच्या दोन लक्षांश भागाएवढेच वाढते. भोवतालच्या लहानसहान चढउतारांत ते बुडून जाते.

यातून वाट कोणती? मिळणारी उष्णता वाढवता येत नाही, कारण ती अणूंच्या हातात आहे. पण तापणारी वस्तू हलकी करता येते. तीच स्फटिकाची चकती एक मिलिमीटरऐवजी एक मायक्रोमीटर जाडीची केली, तर वस्तुमान हजार पटींनी कमी होते आणि तापमानवाढ हजार पटींनी वाढून अंशाच्या दोन शतांश भागावर येते. हे मोजता येते. आपण मुलांकडून सोडवून घेतो ते साधे समीकरण, म्हणजे उष्णता बरोबर वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्मा गुणिले तापमानातील बदल, येथे सगळी वाट दाखवते.

केंब्रिजमध्ये डेव्हिड किंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या सुमारास हेच केले. त्यांनी मायक्रोमीटरच्या पाचव्या भागाएवढे पातळ धातूचे स्फटिक वापरले. केस यापेक्षा शेकडो पटींनी जाड असतो. इतक्या तलम पापुद्र्याला तापमापी टेकवणार कशी? म्हणून त्यांनी न शिवता मोजले. स्फटिक किंचित तापला की त्यातून निघणारे अवरक्त किरण वाढतात, ते त्यांनी टिपले. या रीतीने वायूंचे रेणू बसतानाची उष्णता एकाच, नीट मांडणीच्या स्फटिकावर प्रथमच मोजता आली.

राख ओढणारा दगड

दुसरी वाट अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात चार्ल्स कॅम्पबेल यांच्या गटाने काढली. तिची पाळेमुळे आपल्या शेजारच्या श्रीलंकेपर्यंत जातात.

अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतून तोरमल्ली नावाचे रंगीत खडे युरोपात नेले. हे खडे निखाऱ्यांजवळ तापले की राखेचे कण ओढून घेत. म्हणून डच लोक त्यांना 'राख ओढणारा' म्हणत. हा चमत्कार विजेचा आहे, हे १७५६ मध्ये एपिनुस या शास्त्रज्ञाने दाखवले. काही स्फटिकांत धन आणि ऋण प्रभार थोडे एका बाजूला सरकलेले असतात. तापमान बदलले की हे सरकणे कमी-जास्त होते आणि स्फटिकाच्या दोन टोकांवर विद्युतप्रभार दिसू लागतो. बँकेत किंवा कार्यालयात माणसाची चाहूल लागताच दिवा लावणाऱ्या साधनात असाच पदार्थ असतो. तो आपल्या शरीराची ऊब टिपतो.

हा गुण एका प्लॅस्टिकमध्येही आणता येतो. त्याचे नाव पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड. कॅम्पबेल यांच्या गटाने या प्लॅस्टिकची काही मायक्रोमीटर जाडीची फीत कमानीसारखी वाकवून पातळ स्फटिकाच्या पाठीला अलगद टेकवली. समोरून अणू बसतात, स्फटिक किंचित तापतो, ती उष्णता पाठीमागच्या फितीत जाते आणि फीत विजेचा इशारा देते. १९९७ मध्ये त्यांनी मॉलिब्डेनमच्या एक मायक्रोमीटर जाडीच्या स्फटिकावर शिशाचे अणू बसतानाची उष्णता या रीतीने मोजून दाखवली.

प्रयोगाची मांडणी पाहण्यासारखी आहे, कारण चुका कोठून शिरतील याचा विचार तीत पायरीपायरीने केलेला आहे.

भट्टीतून निघालेली अणूंची धार एका फिरत्या चकतीतून जाते. चकतीतील खाच समोर येते तेव्हाच अणू पुढे जातात. त्यामुळे दर दोन सेकंदांनी एक-दशांश सेकंद टिकणारा अणूंचा झोत मिळतो. संथपणे बदलणारे तापमान आणि झोताबरोबर उसळणारे तापमान यांत फरक करणे त्यामुळे सोपे जाते.

झोतात किती अणू आहेत? ते क्वार्ट्झच्या तराजूवर कळते. क्वार्ट्झचा तुकडा ठरावीक कंपनसंख्येने थरथरतो. त्यावर धातू साचला की कंपने मंदावतात आणि त्यावरून साचलेले वस्तुमान काढता येते.

सगळे अणू चिकटतात का? काही उसळून जातात. ते बाजूला ठेवलेल्या वस्तुमान-वर्णपटमापीने मोजून वजा करतात.

भट्टीची झळही झोताबरोबर येते, तिचे काय? यासाठीची युक्ती फार साधी आहे. वाटेत बेरियम फ्लोराइडची काच आडवी धरतात. तिच्यातून अवरक्त किरण पार होतात, अणू मात्र अडतात. मग जो इशारा मिळतो तो फक्त झळीचा. तो एकूण इशाऱ्यातून वजा केला की अणूंचा वाटा उरतो.

आणि फितीचा अमुक इशारा म्हणजे इतके ज्यूल, हे कसे ठरवायचे? त्याच जागी, तेवढ्याच वेळाचा लेसरचा झोत टाकतात. लेसरची ऊर्जा आणि पृष्ठभाग त्यातील किती परत फेकतो हे माहीत असते. त्यावरून मोजपट्टी तयार होते. शाळेत आपण माहीत असलेल्या वस्तुमानाचे गरम पाणी टाकून कॅलरीमापीची उष्माधारकता काढतो. त्यामागचा विचार आणि हा विचार एकच आहे.

काय दिसले?

चांदीचे अणू मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पृष्ठभागावर पाठवले, तेव्हा पहिल्या झोतांनी मोलमागे पावणेदोनशे किलोज्यूलच्या आसपासच उष्णता दिली. झोतामागून झोत येत गेले तशी ती वाढत गेली आणि शेवटी २८५ च्या घन चांदीच्या आकड्याला येऊन मिळाली. म्हणजे पहिले अणू सैल जुळतात आणि नंतरचे घट्ट.

असे का व्हावे? ऑक्साइडवर चांदी सपाट पसरत नाही. अळवाच्या पानावर पाण्याचे थेंब राहतात तशी ती लहान लहान बेटे करून राहते. लहान बेटातील अणूला शेजारी कमी मिळतात. हे वर्गात ठोकळ्यांनी दाखवता येईल. २७ ठोकळ्यांचा घन रचला तर २६ ठोकळे बाहेर, एकच पूर्ण आत. १००० ठोकळ्यांच्या घनात ४८८ बाहेर, म्हणजे जवळपास निम्मे. दहा लाखांच्या घनात बाहेरचे जेमतेम सहा टक्के. बाहेरच्या अणूचे काही बंध अपुरे राहतात. म्हणून बेट जितके लहान तितकी त्यातील दर अणूमागची मिळकत कमी.

बंध जुळण्याची मिळकत शेजाऱ्यांच्या संख्येवर कशी अवलंबून असते, हे येथे उष्णतेच्या आकड्यांत वाचता येते. आणि या आकड्यांनी एक जुनी समजूतही दुरुस्त केली. कणाच्या पृष्ठभागाची दर चौरस मीटरमागची ऊर्जा आकाराने बदलत नाही, असे धरून पूर्वी लहान कणांचे गणित मांडत. मॅग्नेशियम ऑक्साइडवरील शिशाच्या मोजमापांवरून कॅम्पबेल यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले की, काही नॅनोमीटरहून लहान कणांत ती बरीच वाढते. असे कण आपण समजत होतो त्याहून कितीतरी अस्थिर असतात.

धुराशी संबंध

एवढ्या बारीक मोजणीचा उपयोग काय, असा प्रश्न मुले विचारतीलच. त्याचे उत्तर रस्त्यावर आहे. १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक बसवणे सक्तीचे झाले. धुराच्या नळीत बसवलेल्या या डब्यात प्लॅटिनम, पॅलॅडिअम, ऱ्होडिअम अशा मौल्यवान धातूंचे काही नॅनोमीटर आकाराचे कण ऑक्साइडच्या आधारावर पसरलेले असतात. कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू त्यांच्या पृष्ठभागावर निरुपद्रवी वायूंत बदलतात. काम पृष्ठभागावर होते, म्हणून कण लहान हवेत. परंतु लहान कणातील अणू सैल बांधलेले, हे आपण आताच पाहिले. इंजिनाच्या उष्णतेने ते सुटतात आणि सरकत जाऊन मोठ्या कणाला मिळतात. मोठा कण मोठा होत जातो, लहान नाहीसा होतो. धातू तेवढाच राहतो, पण पृष्ठभाग घटतो. डबा तोच दिसतो आणि धूर मात्र पुन्हा विषारी होऊ लागतो.

यावर उपाय म्हणजे कणांना घट्ट धरून ठेवणारा आधार. सेरिअम ऑक्साइडवर धातूचे कण लहानच राहतात, हे अनुभवाने ठाऊक होते. कारण २०१० मध्ये उष्णतेच्या मोजणीतून मिळाले. थोडा ऑक्सिजन काढून घेतलेल्या सेरिअम ऑक्साइडवर आणि मॅग्नेशियम ऑक्साइडवर चांदी बसतानाचे आकडे कॅम्पबेल यांच्या गटाने शेजारी ठेवून पाहिले. हजाराहून कमी अणूंचा, एकाच आकाराचा कण घेतला, तर सेरिअम ऑक्साइडवर तो मोलमागे ३० ते ७० किलोज्यूलनी अधिक स्थिर निघाला.

हा फरक किती मोठा? बाकी सर्व सारखे धरून ५० किलोज्यूलचा फरक घेतला, तर सुमारे ७३० अंश सेल्सिअसला अणू सुटण्याचा वेग जवळजवळ चारशे पटींनी कमी होतो. वरच्या इयत्तांच्या विद्यार्थ्यांनी अर्‍हेनिअसच्या समीकरणावरून हा आकडा पडताळून पाहावा. परिवर्तकात चांदी नसते हे खरे, पण कणांना कोणता आधार धरून ठेवील हे ताडण्याची रीत या आकड्यांनी दिली. पूर्वी असे आधार मुख्यतः अनुभवाने आणि चाचपडत निवडावे लागत.

वर्गात काय करता येईल?

निर्वात पात्र आणि लेसर आपल्या शाळेत नाहीत. पण 'जुळताना उष्णता बाहेर पडते' हे दाखवायला प्रयोगशाळेतील हायपो, म्हणजे सोडिअम थायोसल्फेट, पुरते. परीक्षानळी एक तृतीयांश भरेल इतके हायपोचे स्फटिक घ्या. पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून नळी गरम पाण्यात धरा. सर्व स्फटिक वितळून स्वच्छ द्रव झाला की नळीच्या तोंडाला कापूस लावा आणि न हलवता खोलीच्या तापमानापर्यंत निवू द्या. एकही स्फटिक शिल्लक राहिला असेल तर प्रयोग फसतो, हे ध्यानात ठेवा. आता नळीत तापमापी ठेवून हायपोचा एकच कण आत टाका. बघता बघता सगळा द्रव गोठतो आणि पारा वर चढतो. नळी हाताला चांगली उबदार लागते.

मग मुलांना विचारा, येथे काय जळले? कोणता बंध तुटला? नळी बाहेरून कोणी तापवली? उत्तर त्यांनाच शोधू द्या. द्रवात सैल फिरणारे कण स्फटिकात ओळीने बसले, एकमेकांना अधिक घट्ट जुळले आणि त्या जुळण्याची मिळकत उष्णता होऊन बाहेर पडली. सिअ‍ॅटलच्या प्रयोगशाळेतील चांदीचा अणू हेच करतो. तेथे फक्त गर्दी टाळून मोजके अणू पाठवलेले असतात.

यानंतर फळ्यावरचे एटीपीचे वाक्यही आपण दुरुस्त करून घ्यावे. एटीपीतील बंध तुटताना ऊर्जा खर्चच होते. मिळते ती नव्याने तयार होणाऱ्या पदार्थांतील बंधांमुळे, आणि पाण्याच्या रेणूंनी त्यांना अधिक घट्ट वेढल्यामुळे. वाक्य थोडे लांबते खरे, पण पुढे रसायनशास्त्र शिकताना मुलांना ते पुसून पुन्हा लिहावे लागत नाही.

हायपोचा प्रयोग करताना तापमान किती अंशांपर्यंत चढले आणि मुलांनी कोणती उत्तरे दिली, हे वाचकांनी आम्हाला जरूर कळवावे. चुकीची उत्तरेही कळवावीत. आम्हाला त्यांचा अधिक उपयोग होतो.